चौथी सापडेपर्यंत

गुंडेटी ऑपरेशनला उभा राहिला की सगळ्यात आधी भिंतीवरचं घड्याळ उतरवायला लावतो. पेशंट टेबलावर झोपलेला असतो, गळ्याला औषध लावून झालेलं असतं, सिस्टर हत्यारं मांडून तयार असतात, आणि हा धुतलेले दोन्ही हात वर धरून भिंतीकडं मान करून म्हणतो, "ते काढा की आधी." मग थिएटरमधले मामा स्टूल आणतात, गुडघे धरत त्यावर चढतात, घड्याळ काढतात आणि बाहेरच्या कपाटावर नेऊन पालथं ठेवतात. पालथंच ठेवायचं. एकदा सुलटं ठेवलं होतं, तर दाराच्या काचेतून त्याला काटे दिसले. त्यानं हातातलं हत्यार खाली ठेवलं आणि मामा बाहेर जाऊन येईपर्यंत पुन्हा उचललं नाही.

ह्या सगळ्या वेळात बाहेर माझा पेशंट उपाशीपोटी थांबलेला असतो, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. आमच्या हॉस्पिटलात मोठं थिएटर एकच. मंगळवारी आधी गुंडेटी, मग मी, अशी वाटणी ट्रस्टींनी करून ठेवली आहे. गेली अकरा वर्षं दर मंगळवारी मी डॉक्टरांच्या खोलीत बसून तोच पेपर तिसऱ्यांदा वाचत असतो.

मी डॉक्टर बिराजदार, जनरल सर्जन. माझा हात जलद आहे, असं मी म्हणत नाही. लोक म्हणतात, मी त्यांना अडवत नाही एवढंच. थायरॉईडची गाठ मी पाऊण तासात काढून मोकळा होतो. गुंडेटीला त्याच गाठीला तीन तास लागतात. आम्ही दोघं इथल्याच, सोलापूरच्या सरकारी कॉलेजात एका वर्गात होतो, त्याचे माझे मार्क तेच, शिकवणारे सर तेच. तरी अकलूजहून, टेंभुर्णीहून, थेट सीमेपलीकडून कानडी बोलणारी माणसं एसटीनं येतात आणि माझ्या रिसेप्शनिस्टला विचारतात, "गुंडेटी डॉक्टरचा दवाखाना कुटं हाय वो?" एकदा मी दारातच उभा होतो, मलाच विचारलं. मी त्यांना पत्ता सांगितला, पण सात रस्ता चौकावरून वळसा घालून सांगितला. उन्हाळ्याचे दिवस होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं, पण त्या दिवशी वाटलं नव्हतं.

तर मला गुंडेटीचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं वाचताना तुमचा समज होईल की मी त्याचं कौतुक करतोय. कौतुक करावंच लागेल अशा काही गोष्टी त्यानं करून ठेवल्या आहेत, त्याला माझा इलाज नाही.

आता तो तीन तास करतो काय, ते सांगतो. थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या पाठीमागं, दोन डावीकडं आणि दोन उजवीकडं, मसुराच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी चिकटून बसलेल्या असतात. त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. नावात थायरॉईड असलं तरी तिच्याशी त्यांचा संबंध शेजारापुरताच. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. गाठ काढताना त्या चुकून गाठीबरोबर निघून गेल्या, किंवा जागेवर राहिल्या पण त्यांचा रक्तपुरवठा तुटला, तर पेशंटच्या ओठांना मुंग्या येतात, हाताची बोटं आखडतात. चारही गेल्या तर जन्मभर गोळ्या मागं लागतात. त्यातून रंग पिवळट तपकिरी, आणि आजूबाजूची चरबीही पिवळट. त्यामुळं दिसणं कठीण आणि ओळखणं त्याहून कठीण.

आम्ही बाकीचे सर्जन त्यांना जमेल तसं सांभाळतो. गुंडेटी त्यांच्यासाठीच ऑपरेशन करतो, आणि थायरॉईड जाता जाता काढतो.

तो त्या मोजतो, आणि तेलुगूत मोजतो. गुंडेटी आमच्या पूर्व भागातला, वडील मागावर चादरी विणायचे, घरात तेलुगू. एरवी आमच्याशी मराठीत बोलतो, भूल देणाऱ्या सबा मॅडमशी दखनीत भांडतो, पण ग्रंथी दिसली की त्याच्या तोंडून "ओकटी" असंच निघतं. मग बराच वेळ शांतता. मग "रेंडू". मग त्याहून बराच वेळ. "मूडू" आलं की सिस्टर टाक्यांचा दोरा हातात घेतात आणि परत ठेवून देतात, कारण "नालुगू" म्हटल्याशिवाय तो गाठीची शेवटची बाजू सोडवत नाही. एकदा तिसरी आणि चौथीच्या मध्ये सव्वा तास गेला. सबा मॅडम आमच्या मेडिकल कॉलेजच्या दोन वर्षं पुढच्या, स्वभावानं मोकळ्या. त्या पडद्यामागून म्हणाल्या, "गुंडेटी साब, मरीज कू सुलाना मेरा काम है. तुम मेरेकू नक्को सुलाओ."

गुंडेटी म्हणाला, "मॅडम, ती इथंच आहे. लाजतीय."

संशय आला तर तो त्या पिवळ्या ठिपक्याचा कणभर तुकडा वाटीतल्या सलाईनमध्ये टाकून बघतो. चरबी असेल तर तरंगते, ग्रंथी असेल तर तळाला जाते. "बुडाली तर आपली," असं तो म्हणतो, आणि हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलंय की जगातल्या सगळ्या गोष्टींना लावतो. हॉस्पिटलात नवीन डॉक्टर आला, फार बोलका, फार हसरा. मी गुंडेटीला विचारलं, कसा वाटतो? तो म्हणाला, "आठ दिवस थांब की. बुडाला तर आपला." तो डॉक्टर सहाव्या दिवशी हैदराबादला नोकरी लागून निघून गेला. गुंडेटी म्हणाला, "तरंगला."

पेशंटला समजावून सांगण्याची त्याची तऱ्हाही वेगळी. सांगोल्याकडचा एक डाळिंबवाला बायकोला घेऊन आला होता. मी शेजारच्या टेबलावर कागद चाळण्याचं निमित्त करून ऐकत होतो. गुंडेटी त्याला म्हणाला, "समजा तुम्हाला जुनी बाग काढायची हाय. सगळी झाडं उपटायची. पण बांधाला लागून चार झाडं हायत, ती ठेवायची. तर काय सांभाळाल?"

"झाडं सांभाळू की."

"नुसती झाडं सांभाळली आणि त्यांच्या ठिबकची नळी तोडली तर?"

तो माणूस पागोट्याखाली डोकं खाजवत म्हणाला, "तर मंग झाड उभं दिसतंय चार दिस, आन् वाळतंय. म्हंजी डॉक्टर, नळीच लई महत्त्वाची म्हणा की."

"हां. ती नळी केसाएवढी असते. म्हणून मला वेळ लागतो."

मी वीस वर्षं पेशंटना 'काळजी करू नका' असं सांगत आलो आहे. पण तो डाळिंबवाला दुसऱ्या दिवशी वॉर्डात इतर नातेवाइकांना गोळा करून ठिबक समजावून सांगत बसला होता. बायको घरी गेल्यावर त्यानं गुंडेटीला डाळिंबाचं अख्खं क्रेट आणून दिलं. त्याच माणसाच्या सख्ख्या भावाचा हर्निया मी केला होता. मला एक डाळिंब मिळालं नाही. म्हणजे गुंडेटीनं चार दिली, पण ती धरायची का?

ऑपरेशननंतरच्या सकाळी सहाला तो वॉर्डात हजर. कॅल्शियम कमी झालं असेल तर कानाच्या पुढं गालावर बोटानं टिचकी मारल्यावर ओठाचा कोपरा उडतो. ही जुनी तपासणी, पुस्तकात आम्हीही वाचलेली. गुंडेटीला मात्र तिचं व्यसन लागलंय. ट्रस्टींच्या मुलीच्या लग्नात आम्ही दोघं आहेर द्यायला स्टेजवर चढलो, तर नवरीशेजारी तिची आत्या उभी होती आणि आत्याच्या गळ्यावर ऑपरेशनचा वण होता. फोटोग्राफरनं "इकडं बघा" म्हटलं, आम्ही सगळ्यांनी तिकडं बघितलं, आणि गुंडेटीनं आत्याच्या गालावर टिचकी मारली. अल्बममध्ये तो फोटो आहे. त्यात मी हसतोय, नवरी हसतीय आणि आत्यांचं तोंड उघडं आहे. कॅल्शियम चांगलं होतं, असं त्यानं मला जेवताना पंगतीत सांगितलं.

ह्या सगळ्यावर मी हसत आलो. एक प्रसंग मात्र मी कुणाला सांगितलेला नाही. एका मंगळवारी गुंडेटीची केस रद्द झाली आणि माझी आधी लागली. नेहमीसारखी पाऊण तासात गाठ काढली, ट्रेमध्ये ठेवली, टाके घालायला घेणार, तेवढ्यात गुंडेटी मास्क बांधून आत आला. त्याला काही काम नव्हतं. त्यानं चिमट्यानं माझी काढलेली गाठ उलटी केली, दिव्याखाली धरली आणि हळू म्हणाला, "बिरा, हिला कुठं नेतोस?"

गाठीच्या पाठीला एक मसुराची डाळ चिकटून आली होती.

थिएटरमध्ये सहा माणसं होती. मी म्हणालो, "तीन आहेत की अजून."

त्यानं गाठ हळूच ट्रेमध्ये परत ठेवली. बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्यानं विचारलं, "लावू का परत?" मी मान हलवली. मग त्यानं हात धुतले, ती ग्रंथी बारीक चिरली आणि मानेच्या स्नायूत कप्पा करून तिथं ठेवून दिली. तशी ठेवली तर ती महिन्या दीड महिन्यानं कामाला लागू शकते. वर दोन टाके घातले, आणि "येतो" म्हणून निघून गेला. त्यानंतर कित्येक दिवस मी त्याला कॉरिडॉरमध्ये बघितलं की मोबाईल कानाला लावत होतो.

नाही म्हणायला मी एकदा त्याची नक्कलही करून बघितली. मामांना सांगितलं, आज घड्याळ काढा. मला ताप आल्यासारखं मामांनी माझ्याकडं बघितलं. घड्याळ काढलं, पण माझी नजर दर दोन मिनिटांनी त्या रिकाम्या खिळ्याकडं जायची. पंधराव्या मिनिटाला मी सिस्टरना विचारलं, किती वाजले?

अशात गेल्या वर्षी सुनंदाच्या गळ्याला गाठ दिसली.

सुनंदा माझी बायको. शाळेत चित्रकला शिकवते. घरातल्या सर्जनला बायकोच्या गळ्यातली गाठ दिसली नाही, ती तिच्या शाळेतल्या शिपाईबाईंना दिसली, ह्यावर आपण बोलायला नको. सुईनं तपासणी केली, रिपोर्ट संशयाचा आला. दोन्ही बाजूंची सगळी थायरॉईड काढायची ठरली. आम्ही घरच्यांवर ऑपरेशन करत नाही, हा आमच्या धंद्यातला रिवाज. मी म्हणालो, पुण्याला जाऊ.

"पुण्याला कशाला? गुंडेटी भाऊजी आहेत की."

"तो तीन तास लावतो."

"लावू देत की. मला कुठं गाडी पकडायचीय?"

मी म्हणालो, "आणि रिवाज नसता, मीच करणार असतो तर?"

ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली नाही. "रिवाज आहे म्हणून सुटलात. नाहीतर मला नाही म्हणावं लागलं असतं." मग उजवा हात पुढं करून तिनं बोटं हलवली. "अहो, ह्या बोटांनी मी ब्रश धरते. तुमच्या त्या पेशंट बायका फोनवर सांगायच्या ना, बोटं आखडली म्हणून. फोन मीच घ्यायचे."

नवऱ्याला बायकोकडून बरंच काही ऐकावं लागतं आणि माझी त्याला तक्रार नाही. पण आपली बायको दुसऱ्या माणसाच्या हातावर आपल्यापेक्षा जास्त विश्वास ठेवते, आणि तिचं बरोबर आहे हे आपल्याला ठाऊक असतं, ह्याच्याएवढं जळजळीत मी आयुष्यात काही गिळलेलं नाही.

गुंडेटी कॅन्टीनमध्ये दही आणि कडक भाकरी खात होता. मी हवापाण्यापासून सुरुवात केली. मग म्हणालो, एका नातेवाइकांची केस आहे. मग म्हणालो, जवळच्या आहेत. त्यानं भाकरी खाली ठेवली. "सुनंदावहिनी?" मी हो म्हटलं. त्यानं हात पुसले. मग म्हणाला, "करतो. पण तू आत यायचं नाहीस."

"मी हात लावणार नाही रे."

"बघण्यातसुद्धा घाई असते तुझी, बिरा."

त्या मंगळवारी आयुष्यात पहिल्यांदा मी नातेवाइकांच्या बाकावर बसलो. ती जागा इतकी वाईट आहे हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पंखा तिथं वारा देत नाही. कपाटावर ते पालथं घड्याळ होतं. मी ते सुलटं केलं, वेळ बघितली, परत पालथं केलं. एकूण नऊ वेळा केलं. दोन तास झाले तेव्हा सबा मॅडम दार ढकलून बाहेर आल्या.

"तीन मिल गए. चौथे का पता नै. ढूंढ रैं."

आणि मी, पाऊण तासात मोकळा होणारा मी, ताडकन उभा राहून ओरडलो, "मग शोध म्हणावं की त्याला! घाई काय आहे? दिवसभर शोध म्हणावं!"

सबा मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. "या अल्ला. बिराजदार, ये तुम बोल रैं?" आणि हसत आत गेल्या.

चौथी खाली छातीच्या हाडामागं उतरून बसली होती. सापडली, पण हाताळताना काळवंडली, म्हणून त्यानं ती चिरून स्नायूत ठेवली. मला हे बाहेर येऊन सांगताना तो माझ्याकडं न बघता स्वतःच्या हातांकडं बघत होता. "तीन जागेवर हायत. नळ्यांसकट. चौथी काय करते बघू." चार तास झाले होते. मी त्याला थँक्यू म्हणालो नाही, कारण म्हणायला गेलो असतो तर मला रडू आलं असतं, आणि गुंडेटीसमोर रडायची माझी तयारी नव्हती.

गुरुवारी दुपारी सुनंदा म्हणाली, ओठ जरा बधिर वाटतायत. मी तिच्या गालावर टिचकी मारली. ओठाचा कोपरा उडाला. ऑपरेशनमध्ये चाळवलेल्या ग्रंथी चार दिवस झोपून राहतात आणि मग उठतात, हे मी हजार वेळा पेशंटना सांगितलंय. स्वतःला सांगता येईना. गुंडेटीनं कॅल्शियम सुरू केलं, म्हणाला, थांब. शनिवारी घरी सोडलं. रविवारी सकाळी रक्त घेतलं आणि लॅबनं सांगितलं की रिपोर्ट गुंडेटी सरांच्या फोनवर जाईल. मी त्याला चार फोन केले, उचलला नाही. सुनंदा खिडकीशी बसून वहीत पेन्सिलनं रेघा ओढत होती. एक ओढायची, थांबायची, बोटं बघायची. ते मला बघवेना. मी स्कूटर काढली आणि थेट पूर्व भागात त्याच्या घरी गेलो.

खाली दवाखाना, वर घर. दाराला 'रविवारी बंद' अशी पाटी. दार मात्र उघडं होतं, आणि आत बाकांवर सात-आठ बायका बसल्या होत्या. मला वाटलं, बघा, रविवारची ओपीडी चोरून चालवतो आणि आम्हाला पत्ता नाही. मग माझी नजर त्यांच्या गळ्यांकडं गेली.

सर्जनला स्वतःचा टाका कळतो, जसं स्वतःचं अक्षर कळतं. मी वण नेहमी गळ्याच्या वळीत लपवतो आणि डाव्या टोकाला किंचित वर नेतो. सातआठांतल्या तीन गळ्यांवर माझं अक्षर होतं.

एका बाईनं पदर सारखा केला. "ओळकलं न्हाय व्हय डॉक्टर? तुमीच केलतं की माजं. टेंभुर्णीची मी."

"मग इथं कशा?"

"गोळ्यांचं बगत्यात की हितं. बोटं आकडत्यात ना माजी. सा वर्सं झाली. एका रविवाराआड येतो आमी."

"मग माझ्याकडं का नाही आलात?"

"आलते की. दोन डाव आलते. तुमी लई घाईत हुता." हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. पाऊस झाला नाही म्हणून सांगावं, तसं सांगत होती. "गुंडेटी डॉक्टर म्हणालं, बिराजदारांनी गाठ झ्याक काडलीया. ह्या बारक्या गाठी कुणाच्याबी हातनं निसटत्यात. बाहीर बोलू नगा म्हणालं, चांगल्या डॉक्टरचं नाव खराब हुतंय."

पेशंट यायचा बंद झाला की तो बरा झाला असं समजायचं, ही आमच्या धंद्यातली मोठी सोय आहे. मी ती सोय वीस वर्षं वापरत आलो होतो. मला तिथं उभं राहवेना आणि निघताही येईना.

गुंडेटी आतून आला. घरातला लेंगा, हातात फोन. मला बघून चपापला, मग पहिल्यांदा कामाचं बोलला. "रिपोर्ट आत्ताच आला, तुलाच लावत होतो. कॅल्शियम चढतंय. ग्रंथी उठल्या वहिनींच्या. ब्रश धरू देत."

मी सुनंदाला फोन लावला, तिला सांगितलं, पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. फोन ठेवला आणि मी गुंडेटीवर चिडलो. कारण दुसरं काय करावं ते सुचेना. "ह्या माझ्या पेशंट आहेत. मला का सांगितलं नाहीस?"

"कुठल्या तोंडानं सांगू?" त्यानं बाकाच्या शेवटाकडं मान केली. तिथं एक थकलेली बाई बसली होती, डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीत, बोटं चोचीसारखी जुळलेली. "ती माझी आहे. माझी अक्का. विड्या वळून मला शिकवलं तिनं. डॉक्टर झाल्यावर पहिल्या वर्षी मीच केलं तिचं. त्या दिवशी पाठोपाठ अजून दोन होती. अर्ध्या तासात केलं मी, बिरा. तुझ्याहून जलद. चारही गेल्या. मला दिसल्यासुद्धा नाहीत."

मी तिच्या बोटांकडं बघितलं.

"तिला विडी वळता येईना तेव्हा कळलं. मग तिच्या गोळ्या, तिचं रक्त, दर रविवारी मी बघायचो. घरात आम्ही दोघंच. एक दिवस तीच म्हणाली, एकटीला कंटाळा येतो रे, अशा अजून असतील की सोलापुरात, त्यांना पण बोलव. म्हणून हे."

अकरा वर्षं मी त्याच्या हातांचा, त्याच्या पेशंटचा, डाळिंबांचा हेवा केला होता. आणि हा माणूस दर रविवारी स्वतःच्या चुकीसमोर बसत होता, आणि शेजारी माझ्या चुकांना जागा करून देत होता. मला लाज वाटली. खोटं कशाला सांगू, त्या लाजेतसुद्धा थोडा हेवा होताच, की हे मला का सुचलं नाही.

अक्कांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं आणि भावाला विचारलं, "एवरु रा?" कोण रे हा, एवढं तेलुगू सोलापुरात सगळ्यांनाच येतं.

मी धास्तावलो. त्यानं काय सांगितलं असतं तरी खरं ठरलं असतं.

"मनवाडे, अक्का," गुंडेटी म्हणाला. आपलाच आहे.

अक्कांनी त्या आखडलेल्या हातानं पदर सावरला, बाकावर सरकल्या आणि शेजारी थोपटून मराठीत म्हणाल्या, "बसा की मग. उभे का?"

मी बसलो.